गेटपर्यंतचं गाणं

गाणं ऐन रंगात आलं की आमचे मास्तर हातातल्या दोन्ही काठ्या पँटच्या मागच्या खिशात खोचायचे आणि हॉलमधून सरळ बाहेर निघून जायचे. आम्ही सात-आठ जण वाजवत असू. कुणाचं तरी लक्ष त्यांच्या पाठीकडे जाई, त्याचा हात अडखळे, मग शेजारच्याचा अडखळे आणि अर्ध्या मिनिटात सगळं गाणं कोलमडे. मास्तर दार उघडून परत येत. रागावलेले अजिबात नसत. म्हणत, "छान. आज सायकल शेडपर्यंत पोचलो."

हे त्यांचं माप होतं. हॉलचं दार, मग सायकल शेड, मग कचऱ्याचे मोठे डबे, मग हेडमिस्ट्रेसची गाडी लावायची जागा आणि शेवटी शाळेचं गेट. गाणं पडेपर्यंत ते जिथवर चालत गेले, तेवढी आमची त्या आठवड्याची प्रगती. "माझ्याकडे बघू नका," ते सांगत. "गाणं माझ्याकडे नाहीये." मग कुणाकडे आहे, असं विचारलं तर नुसते खांदे उडवत.

मास्तर हे नाव मी ठेवलेलं. आमच्या लहानपणी गल्लीत पेटीमास्तर यायचे ना, ते डोक्यात. बाकी जगाच्या लेखी ते इंग्लंडातल्या ब्रॅकनेल गावच्या एका प्रायमरी स्कूलचे केअरटेकर होते आणि मी त्याच शाळेच्या ऑफिसात टायपिंग करणारी, हजेरीपटांवर डाफरणारी बाई. ही गोष्ट ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची. आमचे डॉक्टर हॉस्पिटलात, मुलगा नीलेश अभ्यासात, आणि मी कागदांत. मास्तर झिंबाब्वेचे. तरुणपणी शिकायला म्हणून इंग्लंडला आले आणि राहिले. कसे राहिले हे त्यांनी कधी नीट सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आपल्याला तरी कुठे ते सांगता येतं?

मारिंबा तुम्ही पाहिला नसेल तर सांगते. लहान मुलांचा झायलोफोन असतो ना, तो वाढून वाढून माणसाच्या कमरेला लागला असं समजा. वर लाकडाच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीखाली एक नळा लोंबता, आणि वाजवायला टोकाला रबरी गोळे बसवलेल्या काठ्या. लहान मारिंबा उंच सुरांचे, आणि सगळ्यात थोरला तो बास. त्याचे नळे ड्रेनपाइपाएवढे. एवढे काय, ते ड्रेनपाइपच होते. एका सेकंडरी स्कूलची सायन्स लॅब मोडायला काढली, तेव्हा तिथल्या टेबलांचं लाकूड मास्तरांनी हातगाडीवरून आणलं आणि शाळेच्या बॉयलर रूममध्ये वर्षभर बसून आठ मारिंबा बनवले. पट्टी खालून तासायची, वाजवून बघायची, परत तासायची. मी एकदा विचारलं, की आफ्रिकेतलं वाद्य इंग्लंडच्या टेबलांमधून कसं होणार? म्हणाले, "हे लाकूड आफ्रिकेतूनच आलंय. माझ्या आधी आलं एवढंच."

आमची ओळख मात्र माझ्या आगाऊपणातून झाली. एका शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी हॉलमध्ये डोकावले. सोमवारी कौन्सिलची माणसं यायची होती. भिंतीशी मारिंबांची रांग, आणि बघते तर प्रत्येक नळ्याला खालच्या बाजूला भोक, त्यावर पिशवीचा पातळ प्लास्टिकचा तुकडा चिकटवलेला. मला वाटलं, पोरांचे उद्योग. पदर खोचायला पदर नव्हता, स्कर्ट होता, पण हुरूप तोच. स्पिरिट आणलं आणि एकूण एक तुकडा खरवडून नळे लख्ख पुसले. घरी जाऊन डॉक्टरांना सांगितलंसुद्धा, की या लोकांना नीटनेटकेपणा कसा तो नाही.

शनिवारी थोडं टायपिंग राहिलं होतं म्हणून गेले. हॉलमधून मारिंबाचा आवाज येत होता, पण कसा, तर पाटावर लाटणं आपटल्यासारखा. मास्तर थांबले, वाकले, एकेका नळ्याखाली बघत गेले. "कुणी साफ केलं?" मी म्हटलं, मी. माझा चेहरा पडला असणार. ते हसायला लागले. आवाज न करता हसायचे ते, नुसते खांदे हलायचे. मग त्यांनी एक ब्रेडची पिशवी आणि कात्री माझ्या हातात दिली आणि आम्ही दोघांनी जमिनीवर बसून पुन्हा सगळे तुकडे चिकटवले. त्यांच्याकडे पूर्वी त्या जागी कोळ्याच्या अंड्यांभोवतीचं पातळ आवरण लावत. "इथले कोळी कामचुकार," म्हणाले. "म्हणून ब्रेडची पिशवी."

काम झाल्यावर त्यांनी बासची एक पट्टी वाजवली. सूर आला, आणि सुरामागून एक गुणगुण आली, भरलेली, खरखरीत, संपता संपत नाही अशी. मी तिथेच फतकल मारून बसले. ही तर जवारी. तानपुऱ्याच्या तारेखाली आपण दोऱ्याचा बारीक तुकडा सरकवतो, तो नेमक्या जागी बसला की तार बोलायला लागते, तीच. इंग्लंडात आल्यापासून अठरा वर्षांत मी हा आवाज ऐकला नव्हता, आणि आदल्या दिवशी स्पिरिटने पुसून टाकला होता.

पुढच्या शनिवारी मी माळ्यावरून माझा तानपुरा काढून नेला. मास्तरांनी तार छेडली, दोरा काढला, ऐकलं, दोरा घातला, ऐकलं. असं पाचसहा वेळा. मग म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडेसुद्धा साफ आवाज खोटा समजतात."

तानपुरा माझ्याकडे कसा, तेही सांगते. मुलीला गाणं यावं म्हणून वडिलांनी मला एका बाईंकडे घातलं. बाईंनी तीन वर्षं मला फक्त तानपुरा छेडायला बसवलं. शेवटी वडिलांना म्हणाल्या, "आवाज जाड आहे हो, पण हात स्थिर." मी ही गोष्ट मास्तरांना हसत सांगितली. ते हसले नाहीत. उठले, शाळेच्या दुधाचा रिकामा क्रेट आणून बाससमोर उलटा ठेवला, कारण माझी उंची तुम्हाला माहीत नाही, आणि म्हणाले, "चढा."

तेव्हापासून बास माझा झाला. बासला काम थोडं असतं. डावा हात दोन-तीन सुरांवर फिरतो, उजवा एकाच सुरावर परत परत येतो. वर बाकीचे काय नाचायचं ते नाचतात. एक निवृत्त पोस्टमन होता, तो मधला मारिंबा असा वाजवायचा की जणू घरोघर पत्रं टाकतोय. दोन शिक्षिका होत्या, काही पालक होते. आमच्यातला एकही आफ्रिकेत गेलेला नव्हता. कागद नाही, स्वरलिपी नाही. मास्तर तोंडाने म्हणत आणि आपण वाजवायचं. मी मनात मात्रा मोजायला लागले, की ते लांबूनच ओळखायचे. "मोजू नका. पोस्टमन काय म्हणतोय ते ऐका. तो बोलून थांबला की तुम्ही बोला."

आणि मला हाक काय मारायचे, तर 'माई नीलेश'. माई म्हणजे त्यांच्या भाषेतही आईच. त्यांच्याकडे बाईला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारणं हा मान. आपल्याकडेही नीलेशची आई म्हणतातच. इंग्लंडात मला ऑफिसात आडनावाने बोलवत, आणि ते आडनाव प्रत्येकाच्या तोंडात वेगळं. नीलेशची आई म्हणून हाक मारणारा तिथे हा एकच माणूस. नीलेशला त्याची गंमत वाटायची. तो एकदा येऊन वाजवून गेला आणि घरी म्हणाला, "आई, माझी हात दुखते." मराठी पार धुतलेलं, पण हात खरंच दुखत होता.

एकदा आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मी हा सगळा ताफा घेऊन गेले, स्टॅनमोरजवळच्या एका हॉलमध्ये. आरती झाली, पेढे झाले आणि मारिंबा सुरू झाला. पहिल्या रांगेतले डॉक्टर लोक समेवर मान हलवायला टपून बसलेले, आणि सम काही सापडेना. प्रत्येकाने आपापली सम ठरवून टाकली आणि जो तो वेगळ्या जागी मान हलवायला लागला. एक काकू नंतर येऊन मला म्हणाल्या, "छान होतं हो, पण सुरू झालं कधी ते कळलं नाही." मास्तरांना मी ते सांगितलं. फार खूश झाले. म्हणाले, आपल्याला मिळालेली ही सगळ्यात चांगली दाद. त्या दिवशी त्यांनी उकडीचे मोदक सात खाल्ले, तूप वाढणाऱ्या वहिनींना नको न म्हणता.

आता त्या गेटाबद्दल सांगायला हवं.

मास्तरांना परत जायचं होतं. त्यांचा थोरला भाऊ तिकडे मारिंबा बनवायचा आणि शिकवायचा. मास्तर जे काही शिकले ते त्याच्याकडून. त्याला ते 'मुकोमा' म्हणत, म्हणजे आपला दादा. मुकोमाची निळी हवाईपत्रं शाळेच्या पत्त्यावर येत, म्हणून ती आधी माझ्या टेबलावर येत. मुकोमाचे कान जात चालले होते. बारीक सूर पुसट होत होते, आणि मारिंबा बनवणाऱ्याला पट्टी तासून ऐकता आलं नाही तर काय उरतं? त्याने लिहिलं होतं, मला अजून थोडं ऐकू येतंय तोवर ये, आपण दोघं मिळून वाजवू, मग माझे कान तू हो. हे वाक्य मास्तरांनी मला वाचून दाखवलं आणि पत्र घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं.

मग जात का नव्हते? कारण आधी एका गावात त्यांनी असंच मंडळ जमवलं होतं, वाद्यं बनवून दिली होती आणि नोकरी बदलली तशी गाव सोडलं होतं. वर्षाने सहज तिकडे गेले तर त्यांच्या मारिंबांवर चादरी टाकून चर्चच्या जंबल सेलची, म्हणजे जुन्यापान्या वस्तूंच्या विक्रीची, टेबलं केलेली. त्यावर चहाचे कप विकायला मांडले होते. तेव्हा त्यांनी ठरवलं, की आता गाणं आपल्याशिवाय उभं राहिल्याखेरीज कुठूनही हलायचं नाही. म्हणून ते चालणं. मी गेटला हात लावेपर्यंत गाणं पडलं नाही, तर मी निघालो, असं त्यांनी आम्हाला सरळ सांगून टाकलं होतं.

त्या वर्षी हाफ टर्मच्या, म्हणजे मेअखेरच्या सुट्टीनंतर हॉलचं छत दुरुस्तीला निघणार होतं. सप्टेंबरपर्यंत हॉल बंद, वाजवणं बंद. म्हणजे मे महिन्यातला तो शनिवार शेवटचा. मास्तर म्हणाले, "आज गेट झालं तर सोमवारी नोटीस देतो. जुलैत घरी." पोस्टमनने हातावर थुंकल्यासारखं केलं. शिक्षिकांनी चपला काढल्या. सगळ्यांना त्यांना गेटपर्यंत पोचवायचं होतं.

गाणं सुरू झालं. मास्तरांनी काठ्या खिशात खोचल्या आणि गेले. आणि त्या दिवशी कुणाचा हात अडखळेना. मी क्रेटवर उभी असल्यामुळे खिडकीतून बाहेरचं फक्त मला दिसायचं. सायकल शेड गेली. डबे गेले. हेडमिस्ट्रेसची जागा गेली. ते वळून बघत नव्हते. गेटाशी पोचले, हात पुढे केला, कडीला लावणार.

आणि मी उजवा हात मारलाच नाही.

चुकले नाही मी. मुद्दाम केलं. आता इतक्या वर्षांनी आडपडदा कशाला? नीलेश आदल्या ऑक्टोबरला केंब्रिजला गेला होता. डॉक्टर आठवड्यातले चार दिवस ऑन कॉल. घरात बोलायला फ्रिज होता. शनिवारचे ते दोन तास, ती ब्रेडच्या पिशवीची गुणगुण आणि 'माई नीलेश' ही हाक, एवढ्यावर मी बाकीचा आठवडा काढत होते. तो माणूस गेटाबाहेर गेला की हे सगळं जाणार, असं त्या क्षणी वाटलं आणि हात वर राहिला. बासचा सूर गेल्यावर काय, गाणं जमिनीवरच.

मास्तर परत आले. सगळे हळहळत होते. ते म्हणाले, "छान. आज एक वीत कमी पडली." माझ्या उजव्या हाताकडे त्यांनी एकदा पाहिलं असं मला वाटलं. मग म्हणाले, "तर मग सप्टेंबर."

जुलैत पत्र आलं. मी ते टेबलावरून उचलून त्यांना दिलं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं आणि म्हणाले, "मुकोमाला आता वरचे सूर येत नाहीत. लहान मारिंबा समोर वाजला तर त्याला नुसत्या काठ्या हलताना दिसतात." एवढं बोलून ते कुणाच्या तरी गळक्या नळाकडे बघायला गेले.

त्या रात्री मी डॉक्टरांना मुकोमाच्या कानांचं विचारलं. जुलैत नोटीस संपवून ते विमानात बसले असते. तेव्हाही दादाला ऐकू आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना कानाचं कळतं. पण मी काय केलं ते मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी बॉयलर रूमच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मला तुम्हाला काही सांगायचंय." त्यांनी वर पाहिलं, किटलीखालचं बटण दाबलं आणि म्हणाले, "चहा घ्या, माई नीलेश." मग छताच्या दुरुस्तीबद्दल बोलत राहिले, दूध संपल्याबद्दल बोलत राहिले. मी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा त्यांनी बिस्किट पुढे केलं. न सांगताच परत आले.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी मी क्रेटवर चढले आणि ठरवलं, की आज छत कोसळलं तरी हा हात थांबणार नाही. मास्तर गेले. शेड, डबे, गाडीची जागा. गेटाची कडी काढली, बाहेर पडले, फुटपाथवरून चालत बस स्टॉपपर्यंत गेले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात कामात, त्यामुळे पुसता येईना. मग एक गंमत झाली. गाणं पडलं नाही ते नाहीच, पण थांबवायचं कसं ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. एरवी थांबायची खूण मास्तर द्यायचे, आणि ते नसताना इतकी वर्षं आम्ही कधी शेवटापर्यंत गेलोच नव्हतो. पोस्टमनचा चेहरा लाल झाला, एका शिक्षिकेच्या हातातली काठी सुटली, तिने ती नाचत उचलली. वीस मिनिटांनी मास्तर परत आले, दारात टेकून उभे राहिले आणि खांदे हलवत हसत राहिले. मदत म्हणून काही केली नाही.

"आता शेवट शिकवायचा राहिला," ते म्हणाले. त्यांनी शेवट बासकडे दिला. उजवा हात एक जास्तीचा ठोका देईल, तो ऐकून सगळे थांबतील. म्हणजे गाणं कधी थांबवायचं ते माझ्या हातात. शरदाची पानगळ सुरू झाली आणि ते गेले. जाताना किल्ल्यांचा जुडगा नव्या केअरटेकरला दिला आणि ब्रेडच्या पिशव्यांचा गठ्ठा मला.

वसंतात त्यांचं पत्र आलं. ऑफिसातल्या माझ्या टेबलावर निळं हवाईपत्र, पहिल्यांदाच माझ्या नावाचं. म्हणजे 'माई नीलेश' या नावाचं, आणि ते बरोबर पोचलं होतं. लिहिलं होतं, की मुकोमा आता बासच्या नळ्याला तळहात लावून बसतो. तेवढं त्याला अजून मिळतं. मी पट्ट्या तासतो, तो हाताने ऐकतो आणि मान हलवतो. तिकडे बास कोण वाजवतं, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, एक ठेंगणी बाई आहे, दुधाच्या क्रेटवर उभी राहते. तिचा उजवा हात कधी चुकत नाही. इतक्या वर्षांत एकदाच राहिला, तेव्हा माझ्या बोटांना गेटाची कडी लागली होती. मुकोमा म्हणाला, अशी माणसं भेटली तर निघायला उशीर होणारच.

आणि खाली शेवटची ओळ. कॅसेट पाठवा. रेकॉर्डर बासच्या नळ्याजवळ ठेवा, बाकीचे ऐकू आले नाहीत तरी चालेल.

पुढच्या शनिवारी आम्ही रेकॉर्डर जमिनीवर, माझ्या नळ्यांच्या तोंडाशी ठेवला. पोस्टमनने बटण दाबलं. मी क्रेटवर चढले. खिडकीतून शेड दिसत होती, डबे दिसत होते, गेट बंद होतं. गाणं उभं राहिलं. एक फेरी झाली, दहा झाल्या. पोस्टमन माझ्याकडे बघायला लागला, मग बाकीचे बघायला लागले. थांबवायचा ठोका माझ्याकडे होता. मी तो दिला नाही. खाली कॅसेट संपून रेकॉर्डरचं बटण खट्कन वर आलं, तरी आम्ही वाजवत होतो.